‘वर’ नाही, उत्तरेला

गुरुवार. रात्रीचे साडेनऊ वाजायला दोन मिनिटं कमी आहेत. बँकेतून येऊन हातपाय धुतले आहेत, कुकर चढवला आहे आणि मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून मी डोंबिवलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी आहे. पडद्यावर एकेक चौकट उघडते. पहिले कल्याणचे सर. ते दहा मिनिटं आधीच येऊन बसलेले असतात, शर्टाचं गळ्याचं बटण लावून. मग ठाकुर्लीच्या वहिनी. त्यांच्यामागे पलंगाचा कठडा आणि सलाईनची रिकामी दांडी दिसते. मग घोडबंदर रोडवरून आमचा संकलन करणारा मुलगा, कानांवर मोठे हेडफोन. मस्कतहून काका, त्यांच्याकडे अजून आठच वाजताहेत. एक चौकट सारखी हलते आहे. ती आमची बदलापूरची मैत्रीण. ती लोकलमध्ये दाराजवळच्या खांबाला धरून उभी आहे आणि कळवा सुटलं की तिचा आवाज तुटायला लागतो.

नौपाड्याच्या अध्यक्षबाई देवघरातली पितळी घंटा उचलतात आणि एकदा वाजवतात. रोटरीची बैठक घंटेने सुरू होते, तशी आमचीही. राष्ट्रगीत लागतं. मी गॅस बारीक करून ताठ उभी राहते. वहिनी उभ्या राहतात. बदलापूरची उभीच आहे, तिच्या शेजारची अनोळखी बाईही तिच्याकडे पाहून पर्स सावरून सरळ उभी राहते.

आमचा क्लब ई-क्लब आहे. म्हणजे रोटरीचाच, नियम तेच, वर्गणी तीच, वर्ष १ जुलैला सुरू होतं तेही तेच. फक्त बैठक इंटरनेटवर. २३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना घेऊन क्लब काढला, तेव्हा ते आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत. त्या आळीपाळीवरूनच रोटरी हे नाव पडलं. पहिला ई-क्लब अमेरिकेतच, ४ जानेवारी २००२चा, आणि २०१०मध्ये ई-क्लबांना रोटरीने कायमची मान्यता दिली. ४ जानेवारी हा लुई ब्रेलचाही जन्मदिवस. आम्ही सध्या जे काम करतो आहोत ते पाहता ही तारीख मला आपली वाटते.

जुन्या क्लबांतले काही ज्येष्ठ म्हणतात, पडद्यावर कसली आलीय मैत्री? एका टेबलाशी जेवल्याशिवाय माणूस कळत नाही. त्यांचं म्हणणं मला समजतं, पण पटत नाही. हॉटेलात संध्याकाळी साडेसातला भरणाऱ्या बैठकीला कोण पोचतं? ज्याचं दुकान गावात आहे, ज्याचा दवाखाना गावात आहे, तो. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर, कल्याण ५४. जाऊन-येऊन तीन तास गाडी खाते, ते कुणी परत देत नाही. साडेसातला मी कुर्ल्याच्या आसपास कुणाच्या तरी कोपराखाली असते. आणि वहिनींसारख्या ज्या बाईला घराचा उंबरठाच ओलांडता येत नाही, तिने समाजाचं काही करावं अशी अपेक्षाच कुणी करत नाही. मला हे त्या बाईवर अन्याय करणारं वाटतं. पैसे नसले तर माणूस देणगी देऊ शकत नाही हे सगळ्यांना कळतं. वेळेचे तुकडेच हातात असतील तर त्या तुकड्यांत बसेल असं काम शोधून द्यावं लागतं, हे फार थोड्यांना कळतं.

आम्हाला ते काम सापडलं आहे. आम्ही वाचतो. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतो. यंदा दहावीचा भूगोल हातात आहे. नऊ पाठ. बालभारतीच्या या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवले आहेत, आणि दर दोन पानांआड एक नकाशा आहे.

“मोबाइल आता वाचून दाखवतो की,” मस्कतचे काका म्हणतात. ते क्लबात नवे आहेत, त्यांचा प्रश्न खरा आहे.

“दाखवतो,” सर म्हणतात. “आणि चांगलं दाखवतो, मुलं रोज वापरतात. पण नकाशापाशी तो मुका होतो. ‘आकृती’ म्हणतो, आकडा सांगतो आणि पुढे जातो. शिवाय जग म्हणजे दुनिया की पाण्याचा जग, ते त्याला प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. आपण ‘ज’ दोन तऱ्हांनी म्हणतो, ‘च’ दोन तऱ्हांनी म्हणतो. लिहिताना दोन्ही सारखेच.”

सरांनी कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलताना त्यांचा उजवा हात हवेत फळ्यावर फिरतो. आज माझी परीक्षा आहे. प्राकृतिक रचनेचा पाठ माझ्याकडे आला आहे आणि नकाशाचं वर्णन मी तयार करून आणलं आहे. मी वाचते, “नकाशात वरच्या बाजूला डावीकडे हिरव्या रंगात ॲमेझॉनचं खोरं दिसतं…”

“थांबा,” सर म्हणतात. “‘वर’ म्हणू नका. त्या मुलासाठी वर म्हणजे छत. उत्तर म्हणा.”

मी पेन्सिलीने ‘वर’ खोडते.

“हिरवा रंगही नको. हिरवा कशासाठी वापरलाय ते सांगा. सखल भाग.”

“आणि ‘दिसतं’?”

“‘दिसतं’ चालेल. ती मुलंही पिक्चर बघून आलो असंच म्हणतात. त्यात आपण बिचकायचं काही कारण नाही.” मग सर खुर्चीत पुढे सरकतात. “असं करा ताई. आधी त्या मुलाला नकाशात उभं करा. तो कुठे उभा आहे, तोंड कुठे आहे, ते सांगा. मग त्याचा हात धरून चालायला लागा.”

आम्ही सगळे मिळून ते वाक्य घडवतो. पाऊण तास जातो. कुकरच्या शिट्ट्या कधी झाल्या, मला कळत नाही. शेवटी माझ्या वहीत हे उरतं: तुम्ही ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर उभे आहात. पाठीमागे अटलांटिक महासागर. तोंड पश्चिमेला. त्यामुळे उत्तर तुमच्या उजव्या हाताला आहे आणि दक्षिण डाव्या हाताला. पुढे चालू लागलात की थोड्याच अंतरावर उभा चढ लागतो. हा अजस्र कडा. तो चढून गेलात की पठार लागतं, ती ब्राझीलची उच्चभूमी. तिथून उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, खूप दूर चालत गेलात की जमीन उतरत जाते आणि ॲमेझॉनचं सखल खोरं येतं.

“उभा चढ म्हणजे कसाऱ्याच्या घाटासारखा?” लोकलमधून बदलापूरची विचारते. तिचा आवाज मुंब्र्यापाशी गेला होता, दिव्याला परत आला आहे.

“उत्तम! पण कर्जतचा घाट घ्या, आपली मुलं कर्जत लाईनची. पुण्याच्या गाडीला कर्जतला मागून इंजिन लागतं तेव्हा धक्का बसतो ना? तो त्यांना माहीत असतो. तो धक्का बसला की समजायचं, आता सह्याद्रीची भिंत चढायची. तसा अजस्र कडा.”

सव्वाअकराला अध्यक्षबाई पुन्हा घंटा वाजवतात.

शुक्रवार. घरी परतायची वेळ, ठाणे स्टेशनचा पूल. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी जिथे येऊन थांबली, ते हे स्टेशन. आज इथे पुलावर उभं राहायला जागा मिळणं हीच कमाई. मी जिन्याच्या कठड्याला पाठ लावून उभी आहे. घोडबंदरचा मुलगा रात्रपाळीला निघाला आहे, मी घरी. आमच्या वेळा पुलावर फक्त सहा मिनिटं जुळतात.

तो गर्दीतून येतो. पडद्यावर तो नेहमी बसलेला असतो; उभा पाहिला तर सहा फुटांचा आहे. मी मान वर करते, तोही हसतो. तो माझ्या हातात चष्म्याची एक डबी ठेवतो. उघडून पाहते तर आत कॉलरला लावायचा छोटा माइक, वाटाण्याएवढा, त्यावर काळ्या स्पंजची टोपी.

“वहिनींना सांगा, तोंडासमोर धरायचा नाही. गळ्याखाली चार बोटांवर. नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला फुंकर येते. आणि मोबाइल फ्लाइट मोडवर.”

“जेवलास का?”

“डबा आहे.”

मी पिशवीतून उरलेल्या चकल्यांची पुडी काढून त्याच्या हातात देते. दिवाळी होऊन आठवडा झाला, चकल्या थोड्या सादळल्या आहेत. तो तिथेच एक तोंडात टाकतो. कल्याण फास्टची घोषणा होते आणि आम्ही दोघं दोन जिन्यांनी पळतो.

त्या रात्री मी माझा पाठ रेकॉर्ड करते. घरातले झोपल्यावर, पंखा बंद करून. साडेबाराला संपतो. घामाने मानेखालची उशी ओली झाली आहे, पण आवाज स्वच्छ आला आहे.

शनिवार. दुपारी मी ठाकुर्लीला वहिनींच्या दारात उभी आहे. दोन वर्षं दर गुरुवारी आम्ही एकमेकींना पाहतो आहोत. त्यांच्या नवऱ्याची बदली, माझ्या मुलीची बारावी, दोघींच्या गुडघ्यांची दुखणी, सगळं एकमेकींना माहीत आहे. प्रत्यक्ष भेट ही पहिली. दार उघडतं. त्या माझ्या खांद्याएवढ्याही नाहीत. त्या माझ्याकडे पाहतात, मी त्यांच्याकडे. मग त्या खाली वाकून माझ्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, “अगं बाई, तुम्हाला पाय आहेत!” आणि मला मिठी मारतात. त्यांच्या साडीला डेटॉल आणि फोडणी यांचा मिळून वास येतो आहे.

दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत सासूबाई. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली त्याला चार वर्षं झाली. डोकं मात्र लख्ख आहे, बोलणं थोडं जड. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, म्हणून वहिनी कुठे जात नाहीत. लग्नकार्य नाही, हळदीकुंकू नाही. समोरच्या दुकानात जायचं तरी शेजारणीला हाक मारून.

“इथेच वाचता?” मी विचारते.

“आईंच्या खोलीतच. बाहेरच्या खोलीत जिन्याचा आवाज येतो. आणि त्यांना ऐकायचंही असतं.”

मग मी पाहत बसते. वहिनी तयारी करतात ती अशी. खिडकी बंद. खिडकीवर जुनी गोधडी, दोन खिळ्यांना अडकवलेली. दाराखालच्या फटीत पायपुसणं. पंखा बंद. बिल्डिंगचा पाण्याचा पंप चारला बंद होतो, त्याची वाट पाहायची. भूगोलाच्या पुस्तकाच्या पिना त्यांनी काढून टाकल्या आहेत आणि पानं सुटी केली आहेत. पान उलटताना जी सळसळ होते ती माइक पकडतो. सुटं पान मात्र दोन बोटांनी उचलून आवाज न करता उशीवर ठेवता येतं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. वाचून झालेल्या पानांचा एक गठ्ठा डावीकडे, बाकीच्यांचा उजवीकडे. मी माइक त्यांच्या गळ्याखाली चार बोटांवर लावते.

“पाठ चौथा. हवामान. पान क्रमांक…” त्यांचा आवाज बदलतो. रोजचा घाईचा, तुटक आवाज कुठे जातो कळत नाही. हा आवाज सावकाश आहे, प्रत्येक शब्दाच्या शेवटपर्यंत जाणारा. चौकट आली की त्या ‘चौकट सुरू’ म्हणतात, संपली की ‘चौकट समाप्त’. तक्ता आला की आधी सांगतात, रकाने किती, ओळी किती, कशाकशाचे. मग एकेक ओळ आडवी वाचतात. वाक्य अडखळलं की थांबत नाहीत, एकदा टाळी वाजवतात आणि ते वाक्य पहिल्यापासून घेतात. टाळीची रेघ घोडबंदरच्या मुलाला संगणकावर उंच दिसते, तिथे तो कापतो.

खोलीत हवा नाही. वहिनींच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत येतो, तरी त्या पुसत नाहीत, कारण पदराचा आवाज होईल. त्या वाचताहेत ते ब्राझीलच्या पावसाचं आहे. अटलांटिकवरून येणारे वारे अजस्र कड्याला अडतात, किनाऱ्यावर पाऊस पडतो. कड्यापलीकडे पावसाचा जोर ओसरतो आणि ईशान्येकडे पर्जन्यछायेचा कोरडा टापू तयार होतो, त्याला अवर्षण चतुष्कोन म्हणतात.

“आमच्या म्हसवडसारखं,” पलंगावरून आवाज येतो.

वहिनी थांबतात. माझ्याकडे बघतात. माइकचा लाल दिवा लागलेलाच आहे.

“ढग समुद्रावरनं येत्यात,” आजी म्हणतात. एकेक शब्द जड, पण सरळ. “म्हाबळेश्वराला रिकामे होत्यात. माणदेशात येईस्तवर त्यात काय ऱ्हात न्हाई. आमी वर बघायचो, ढग असायचे. पानी न्हाई.”

कुणीच काही बोलत नाही. मग वहिनी टाळी वाजवतात, तेच वाक्य पुन्हा घेतात आणि पाठ पुढे जातो.

चाळीस मिनिटांनी खिडकी उघडतो. आजींची कूस बदलायची वेळ झाली आहे. मी पायाकडून धरते, वहिनी खांद्याकडून. आजी मला विचारतात, “ती पोरं पास होत्यात का?” मी म्हणते, होतात. त्या म्हणतात, “मग वाचू द्या हिला.”

संध्याकाळी फाइल ठाण्याला जाते. तासाभराने मुलाचा निरोप येतो: आजींचं बोलणं कापत नाही, टाळीच्या आधीचं आहे तरी ठेवतोय, सरांना विचारलं आहे. सरांचं उत्तर त्याखालीच आहे: ठेवा, माझ्या शिकवण्यापेक्षा बरं आहे.

रविवार. कल्याण पश्चिमेला काळ्या तलावाच्या बाजूला एका सोसायटीचा हॉल आम्हाला चार तासांसाठी मिळाला आहे. कल्याणला वाचनाची जुनी पुण्याई आहे; इथलं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. पण अंध मुलाला या दोन्ही इमारतींतलं भिंतभर कपाट म्हणजे नुसता जुन्या कागदाचा वास. ब्रेलमध्ये मराठी वाचायला मिळतं ते फार थोडं. स्वागत थोरातांनी २००८मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्याचं मोल म्हणूनच मोठं. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांनी दृष्टीचं अपंगत्व नोंदवलं आहे. २०१२मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला आणि अशा वाचकांसाठी पुस्तक बोलतं करायला मोकळीक मिळाली. पुढे त्यासाठीच झालेल्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देशही भारतच, २०१४मध्ये. कायद्याने दार उघडून दिलं आहे. पुस्तकं मात्र कुणीतरी बसून वाचावीच लागतात.

सात मुलं आली आहेत, चार मुलगे, तीन मुली. बरोबर कुणाची आई, कुणाचा भाऊ. सर प्रत्येकाच्या हातावर हात ठेवून स्वतःचं नाव सांगतात. बदलापूरच्या मैत्रिणीने मोठ्या पातेल्यात पोहे आणले आहेत. एका कोपऱ्यात खुर्चीवर टॅब ठेवला आहे. त्यात एका चौकटीत मस्कतचे काका आहेत आणि दुसऱ्या चौकटीत ठाकुर्लीचा पलंग, आजी आणि वहिनी.

वांगणीहून आलेला एक मुलगा भिंतीशी बसला आहे. त्याचे आईवडील दोघंही अंध. वडील लोकलमध्ये मोबाइलची कव्हरं विकतात. वांगणीत अशी बरीच घरं आहेत, भाडं परवडतं म्हणून वसलेली. एप्रिल २०२१मध्ये याच वांगणी स्टेशनात एका अंध आईचा छोटा मुलगा रुळांवर पडला, समोरून गाडी येत होती आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवलं, तो सगळ्या देशाने पाहिलेला प्रसंग. मिळालेल्या ५० हजारांच्या बक्षिसातले निम्मे पैसे शेळक्यांनी त्या मुलालाच दिले.

भिंतीशी बसलेला मुलगा कानाला मोबाइल लावून ऐकतो आहे. जवळ जाते तेव्हा चिवचिवाटासारखा आवाज येतो. तो माझाच आवाज आहे, दुप्पट वेगाने.

“एवढ्या जोरात कळतं?”

“हळू ऐकलं की झोप येते,” तो म्हणतो. मग मान माझ्याकडे वळवतो. “ताई, तुम्हीच ना पाठ तीन? डोंबिवलीच्या?”

“हो. कसं ओळखलंस?”

“बोलला ना आता. ताई, एक विचारू? म्हसवडच्या आजी कोण?”

मी त्याला टॅबपाशी नेते. आजींना सांगते. आजी पलंगावरून म्हणतात, “बाळा, बोल.” तो म्हणतो, “आजी, मला पर्जन्यछाया तुमच्यामुळे कळली. शाळेत पाठ केली होती.” आजी काही बोलत नाहीत. वहिनी पदराने त्यांचं तोंड पुसतात.

मुलगा पुन्हा माझ्याकडे वळतो. जरा घुटमळतो. “ताई, तुम्ही पाठ तीनमध्ये एकदा चुकलात.”

“कुठे?”

“आधी म्हणालात, पूर्व किनाऱ्यावरून चाललं की कडा लागतो. बरोबर. मग तीन-चार मिनिटांनी म्हणालात, अजस्र कड्याची उभी बाजू पश्चिमेला आहे. असं कसं? आजी म्हणाल्या, ढग समुद्रावरून येतात आणि घाटावर रिकामे होतात. म्हणजे भिंत समुद्राकडे पाहिजे. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून आपली भिंत पश्चिमेला. त्यांचा समुद्र पूर्वेला. मग भिंत पूर्वेला पाहिजे ना?”

मी पुस्तक उघडते. नकाशा पाहते. तो बरोबर आहे. कर्जतचा घाट डोक्यात ठेवून मी वाचलं आणि सह्याद्रीची कोकणाकडे उतरणारी उभी बाजू उचलून ब्राझीलमध्ये नेऊन ठेवली. डोळ्यांपुढे नकाशा होता तरीही. सरांनी ती फाइल ऐकली होती. ते चष्मा काढतात, “माझ्याही कानातून सुटलं,” म्हणतात, आणि त्या मुलाचा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवतात.

पोहे खाताना लेखनिकाचा विषय निघतो. दहावीला लिहून देणारा मुलगा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे नववीचा. आम्ही मोठी माणसं तिथे कामाची नाही. तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, पण लिहिणाराच नसेल तर त्या मिनिटांचं करायचं काय? गेल्या वर्षी इथल्याच एका मुलीला एका केंद्रावर लेखनिकाच्या कागदावरच्या शिक्क्यासाठी दाराबाहेर थांबवलं होतं. ती आत गेली तेव्हा पेपर सुरू झालेला होता. ती हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. यंदा अध्यक्षबाईंनी कागद आत्तापासूनच गोळा करायला घेतले आहेत. सात मुलांना नववीतली सात मुलं हवी आहेत. आज यादीत चार नावं आहेत. नववीची स्वतःची परीक्षा असते, आईबापांना धास्ती वाटते. समजावायला घरोघर जावं लागतं, ते आमच्यातले निवृत्त लोक करतात.

दुपारी दोनला मी वांगणीच्या मुलाला आणि त्याच्या आईला कल्याण स्टेशनवर सोडायला जाते. खरं तर तेच मला नेतात. जिन्याच्या पायऱ्या त्याला पाठ आहेत. फलाटावर एका ठिकाणी सारखा बीप बीप आवाज येतो आहे. वीस वर्षं मी या फलाटावर उभी राहते आहे. तो आवाज कानावर पडायचा, कशाचा ते मी कधी विचारलं नाही. “दिव्यांगांचा डबा इथे येतो,” मुलगा सांगतो. “आवाजाखाली उभं राहायचं, दार समोर येतं.” कर्जत गाडी येते. दार बरोबर त्याच्यासमोर थांबतं. आईला आधी चढवून तो चढतो आणि आतून ओरडतो, “ताई, पाठ तीन दुरुस्त करा. माझी शनिवारी चाचणी आहे!”

रात्री अकरा वीस. घरातले झोपले आहेत. मी खिडकी लावते, पंखा बंद करते, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकते, माइक गळ्याखाली चार बोटांवर लावते. रुळांच्या बाजूने शेवटच्या गाड्यांपैकी एकीचा भोंगा येतो. तो विरेपर्यंत थांबते. मग एक टाळी वाजवते आणि वाचते: अजस्र कड्याची उभी बाजू पूर्वेला, अटलांटिक महासागराकडे आहे. चुकीचं वाक्य तसंच पुसून टाकायला मन घेत नाही, म्हणून पुढे माझ्याकडून एक वाक्य घालते, की ही दुरुस्ती वांगणीच्या एका विद्यार्थ्याने सुचवली आहे.

बारा वाजून दहा मिनिटांनी फाइल गटावर टाकते. रात्रपाळीतून घोडबंदरच्या मुलाची खूण येते, मग सरांची. सर अजून जागे आहेत.

नऊ पाठांपैकी चार झाले, पाच बाकी आहेत. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे आणि लेखनिकांच्या यादीत अजून तीन नावं कमी आहेत. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, कुठेही तुमच्या घरात नववीतला मुलगा किंवा मुलगी असेल, अक्षर बरं असेल आणि सांगितलेलं तसंच लिहून घेण्याचा धीर असेल, तर त्याला किंवा तिला एकदा विचारा. होकार मिळाला तर जवळच्या अंध मुलांच्या शाळेत जाऊन नाव द्या. डिसेंबर संपायच्या आत द्या, कागदांना वेळ लागतो.